पूरग्रस्तांसाठी चित्रे, भेटकार्डे आणि गोधड्या : मंडळीतून मदतनिधी उभारण्याचा योग्य क्रम

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीनंतर आमच्या परिचयातील काही ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एकच गोष्ट वारंवार पाहायला मिळाली. तरुण संघाने मनापासून चित्रे काढली, महिला मंडळाने गोधड्या शिवायला घेतल्या, नाताळच्या भेटकार्डांची छपाई झाली, आणि पैसे हाती आल्यावर ते कोणाला, कशासाठी व कोणाच्या खात्यातून द्यायचे याची चर्चा सुरू झाली. तोपर्यंत हरभऱ्याची पेरणी उरकली होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघून गेल्या होत्या. चित्रांत दोष नव्हता, श्रमांतही नव्हता. क्रम उलटा होता. आधी गरज, मग पैशाची व्यवस्था, मग विषय आणि त्यानंतर कुंचला किंवा सुई, हा क्रम पाळला तर मदत वेळेवर पोहोचते. पुढील आठ टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मंडळी प्रोटेस्टंट असो की कॅथलिक धर्मग्राम असो, किंवा दहा-बारा विश्वासणाऱ्यांचा छोटा गट असो, टप्पे बदलत नाहीत. फक्त आकडे लहान-मोठे होतात.

## टप्पा १ : गरज आणि तिची तारीख ठरवा

पवित्र शास्त्रात प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात अंत्युखियातील शिष्यांचा निर्णय नोंदवलेला आहे. अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळाची सूचना दिली, प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातील बंधुजनांना मदत पाठवण्याचे ठरवले आणि ती बर्णबा व शौल यांच्या हाती दिली. म्हणजे कशासाठी, कोणाला आणि कोणाच्या हाती, हे तिन्ही आधी ठरले होते. आपणही तेथूनच सुरुवात करावी.

एक गाव किंवा जास्तीत जास्त दोन गावे निवडावीत आणि मंडळीतील दोन माणसांनी तेथे प्रत्यक्ष जावे. सरपंचांशी बोलणे पुरेसे नाही. तलाठी, ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका या चौघांकडून मिळणारी माहिती एकमेकींशी ताडून पाहावी, कारण कोणाच्या घरात धान्य भिजले हे आशाताईंना जितके ठाऊक असते तितके कागदावर कधीच उतरत नाही. शेतीच्या नुकसानीचा पंचनामा मुख्यतः सातबाऱ्याच्या आधारे होतो. त्यामुळे बटाईने शेती करणारा, ज्याच्या नावावर गुंठाही नाही असा शेतमजूर, आणि सासरच्या जमिनीवर नाव न लागलेली एकटी बाई, यांचे नुकसान बहुधा यादीबाहेर राहते. मंडळीची छोटी रक्कम याच घरांसाठी अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर तारीख ठरवावी, आणि चूक सर्वाधिक होते ती येथेच. मराठवाड्यात रब्बी ज्वारी आणि हरभरा यांच्या बियाण्यासाठी पैसा लागतो तो साधारण ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. बीड आणि आसपासच्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. त्यांना द्यायचे ते त्याआधीच द्यावे लागते, नाही तर कुलूप लावलेल्या दारासमोर पिशवी घेऊन उभे राहण्याची वेळ येते. गाळाने भरलेल्या विहिरी उपसण्याचे काम पाणी खाली गेल्यावर, म्हणजे जानेवारी ते मे या काळात सोयीचे होते. सोयाबीन आणि तुरीचे बियाणे, तसेच मुलांच्या वह्या व गणवेश जूनच्या तोंडावर लागतात.

याचा सरळ अर्थ असा की, नाताळात कार्डे विकून जमलेल्या पैशातून रब्बीचे बियाणे देता येत नाही. नाताळची विक्री करायची असेल तर विहिरीचा गाळ किंवा खरिपाचे बियाणे हे काम निवडावे. रब्बीसाठीच मदत करायची असेल तर चित्रांची वाट न पाहता रविवारचे विशेष अर्पण गोळा करून ते लगेच द्यावे, आणि चित्रविक्री पुढच्या गरजेसाठी ठेवावी.

तपासणी : एका कागदावर हे वाक्य पूर्ण करून पाहा : “इतकी रक्कम, या कामासाठी, या गावातील इतक्या घरांसाठी, या तारखेपर्यंत.” चारपैकी एकही जागा रिकामी राहिली तर रंग विकत घेऊ नका.

## टप्पा २ : पैसा कोणत्या मार्गाने येईल आणि जाईल ते लिहून काढा

प्रेषित पौलाने यरुशलेमेतील पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेले आणखी बंधू पाठवले, आणि या मोठ्या रकमेच्या व्यवस्थेबद्दल कोणी आपल्याला दोष लावू नये म्हणून आपण जपतो, असे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात स्पष्ट म्हटले. एवढा मोठा प्रेषित स्वतःच्या शब्दावर पैसा सांभाळत नसेल, तर आपण तसे करू नये.

१. निधी मंडळीच्या किंवा नोंदणीकृत न्यासाच्या बँक खात्यातच जमा व्हावा. एखाद्या भावाच्या किंवा बहिणीच्या मोबाइलवरील क्यूआर कोड विक्रीच्या टेबलावर कधीही ठेवू नये. तो भाऊ कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्या घरखर्चाचे आणि निधीचे पैसे एकाच खात्यात मिसळतात, आणि पुढे त्यालाच खुलासे देत बसावे लागते.

२. गट नोंदणीकृत नसेल तर स्वतंत्र निधी उभारण्याऐवजी नोंदणीकृत मंडळीच्या नावाने काम करावे. तेही शक्य नसेल तर जाहीर आवाहन करण्यापूर्वी जिल्ह्याच्या धर्मादाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन परवानगीविषयी विचारून घ्यावे.

३. विक्री आणि देणगी यांची पावतीपुस्तके वेगळी असावीत. चित्र विकत घेणाऱ्याने दिलेली रक्कम ही वस्तूची किंमत आहे. तिच्यावर आयकरातील देणगीवरच्या सवलतीची (१९६१ च्या कायद्यातील कलम ८०जी) पावती देता येत नाही. संस्थेकडे या सवलतीचे प्रमाणपत्र असेल तर ती पावती निव्वळ देणगीलाच द्यावी, आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणाऱ्याला ही सवलत मिळत नाही, हे आधीच सांगावे.

४. परदेशातून पैसे येणार असतील तर थांबावे. परदेशी नागरिकाकडून, आणि आपल्याच नात्यातील पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माणसाकडूनही आलेली देणगी ही परकीय अंशदान ठरते. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखालील नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरावीक खाते असल्याशिवाय संस्थेला ती स्वीकारता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या नातेवाइकाने स्वतःच्या बचतीतून पाठवलेल्या पैशाची गोष्ट वेगळी आहे. सनदी लेखापालांना आधी विचारावे. पैसे आल्यावर विचारणे उशिराचे ठरते.

५. रोकड मोजताना दोन माणसे असावीत आणि ती एकाच घरातील नसावीत.

इशारा : “सर्व रक्कम पूरग्रस्तांना” असे फलकावर लिहिले तर कागद, रंग आणि छपाईचा खर्च निधीतून वजा करता येणार नाही. खर्च वजा होणार असेल तर “खर्च वजा जाता उरलेली सर्व रक्कम” असेच लिहावे. हे चार शब्द गाळल्यामुळे चांगल्या माणसांवर संशय घेतला गेलेला मी पाहिला आहे.

## टप्पा ३ : विषय निवडा, आणि काही विषय टाळा

पूर म्हटला की पहिल्यांदा नोहाचे तारू आठवते. कृपया ते काढू नका. जलप्रलयाची कथा न्यायाची आहे. ज्याचे घर वाहून गेले त्याच्या मदतीसाठी तेच चित्र विकणे म्हणजे त्याचे पाप त्याच्या अंगावर आले असे न बोलता सांगणे होय. शिलोहाचा बुरूज अंगावर पडून मेलेली अठरा माणसे इतरांपेक्षा अधिक दोषी होती असे समजू नका, असे प्रभू येशूने स्वतः सांगितले आहे. वादळ शांत करणारा ख्रिस्त हा विषयही विचार करूनच घ्यावा, कारण ज्यांच्या गावात वादळ शांत झाले नाही त्यांना तो बोचू शकतो.

चालण्याजोगे विषय पुष्कळ आहेत. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आहे. तिच्यात जखमा बांधणे, स्वतःच्या जनावरावर बसवून नेणे आणि उतारशाळेचा खर्च पदरचा देणे असे मदतीचे तिन्ही भाग येतात. पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत. गालील सरोवराच्या काठी कोळशांच्या विस्तवावर मासळी आणि भाकर तयार ठेवून थकलेल्या शिष्यांना “या, न्याहारी करा” म्हणणारा प्रभू आहे. गोधड्यांसाठी तर यापोची टबीथा आहे. ती मरण पावल्यावर विधवांनी रडत रडत तिने शिवलेली वस्त्रे पेत्राला दाखवली. शोक दाखवायचा असेल तर एकोणसत्तरावे स्तोत्र घ्यावे. पाणी गळ्याशी आले आहे असा आक्रोश तेथे आहे.

चित्रातली माणसे आणि जमीन आपल्याकडची असावी. जळगाव-पुण्याच्या दुकानांत मिळणाऱ्या छापील चित्रांतील निळ्या डोळ्यांचा ख्रिस्त आणि बर्फाच्छादित देवदार यांची नक्कल करण्याचे कारण नाही. पुण्याच्या ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमात राहून काम केलेल्या अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडीत रंगवले. आपणही काळी भेगाळलेली जमीन, कडुलिंबाचे झाड, ज्वारीचे कणीस, पत्र्याचे घर आणि डोक्यावर पदर घेतलेली बाई निःसंकोच रंगवावी.

इशारा : बातम्यांतील किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या छायाचित्रावरून पूरग्रस्त माणसाचा ओळखू येणारा चेहरा रंगवू नये. छायाचित्रावर छायाचित्रकाराचा हक्क असतो, आणि चेहऱ्यावर त्या माणसाचा. पाठमोरी आकृती, हात, किंवा चिखलातून वर काढलेले शिलाई मशीन यांतून तितकेच सांगता येते.

पूरग्रस्त मुलांकडून “तुम्ही पाहिलेला पूर काढा” म्हणून चित्रे काढून घेऊन ती विकणे, हा सर्वांत गंभीर प्रमाद आहे. मुलांसाठी चित्रकलेचा तास अवश्य ठेवावा, रंग आणि कागद द्यावेत, विषय मात्र त्यांच्यावर सोडावा आणि ती चित्रे त्यांच्याजवळच राहू द्यावीत. विक्रीसाठी मुलांची चित्रे हवी असतील तर ती आपल्या संडे स्कूलमधील मुलांची असावीत, आणि त्यासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी.

## टप्पा ४ : माध्यम आणि संख्या

वेळ सहा आठवड्यांपेक्षा कमी असेल तर फक्त भेटकार्डे करावीत. दोन ते तीन महिने असतील तर कार्डांबरोबर दहा-पंधरा मूळ चित्रे घ्यावीत. गोधड्यांना याहून अधिक अवधी लागतो. आमच्या अनुभवात तीन जणींनी मिळून, घरची कामे सांभाळून, एक हातशिलाईची गोधडी पूर्ण करायला दोन-तीन आठवडे लागतात. सगळेच एकदम करायला घेतल्यास काहीच पूर्ण होत नाही.

संख्या ठरवताना मंडळीतील कुटुंबे मोजावीत, उपस्थिती मोजू नये. शंभर कुटुंबांच्या मंडळीत, बाहेर विक्रीची खात्रीची जागा नसेल तर, तीनशेपेक्षा अधिक कार्डे छापू नयेत. २६ डिसेंबरला उरलेले नाताळचे कार्ड वर्षभर कोणी घेत नाही. म्हणूनच निम्म्या कार्डांवर नाताळचा उल्लेख न करता फक्त चित्र आणि एखादे वचन ठेवावे. ती पुनरुत्थानाच्या सणाला, वाढदिवसाला किंवा आजारी माणसाला पाठवायलाही उपयोगी पडतात.

## टप्पा ५ : प्रत्यक्ष काम

### भेटकार्डे

मूळ चित्र ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन करून घ्यावे. मोबाइलने काढलेल्या फोटोत कडा वाकतात आणि पांढरा कागद पिवळा दिसतो. कार्डाचे घडी घातल्यावरचे माप ५ × ७ इंच ठेवले तर उघडे माप १० × ७ इंच होते आणि डिजिटल प्रेसच्या १२ × १८ इंची कागदावर दोन कार्डे बसतात. कागद २५० ते ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) असावा आणि घडीच्या रेषेवर आधी क्रीझिंग, म्हणजे यंत्राने दाबून घडीची खाच, करून घ्यावे. ते न केल्यास जाड कागद घडीवर तडकतो आणि रंगाखालचा पांढरा भाग दिसू लागतो.

मजकुराकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलेले वचन छापखान्यात जुन्या फाँटमध्ये बदलले जाते, आणि त्या बदलात रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. एका वर्षी आमच्या कार्डांवर “ख्रिस्त” हाच शब्द तुटून आला, आणि मोबाइलवर पाठवलेल्या चित्रात तो बरोबर दिसल्यामुळे कोणाच्याच लक्षात आले नाही. म्हणून कागदावर छापलेले प्रूफच पाहावे. ते दोघांनी वाचावे. एकाने पवित्र शास्त्र उघडून मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने प्रुफावर अक्षर-अक्षर बोट ठेवायचे. अध्याय आणि वचनाचा क्रमांकही तसाच तपासावा. पाठ आहे म्हणून आठवणीतून वचन लिहू नये. जुन्या आणि नव्या भाषांतरांतील शब्द मनात मिसळलेले असतात.

### लिनोकट

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर (लिनोवर) चित्र कोरून, शाई लावून त्याचा कागदावर छाप काढणे. अशा हाताने छापलेल्या कार्डांना चांगली किंमत येते आणि छापखान्याचा खर्च वाचतो. लिनोवर जे कोरतो ते छापताना उलटे उमटते, हे सर्वांना माहीत असते, तरीही अक्षरे दर वेळी कोणी तरी सरळच कोरतो. ट्रेसिंग पेपरवर मजकूर लिहावा, कागद पालथा करावा आणि मगच कार्बनने लिनोवर उतरवावा. कोरण्याआधी लिनो आरशासमोर धरावा. आरशात मजकूर सरळ वाचता आला तरच पुढे जावे. देवनागरीत अनुस्वार, मात्रा आणि उकार हे सुटे बारीक तुकडे असतात व ते चटकन उडतात. अर्ध्या इंचापेक्षा लहान अक्षर लिनोवर कोरूच नये. चित्र लिनोचे ठेवावे आणि वचन आतल्या बाजूला हाताने लिहावे.

थंडीत लिनो कडक होतो. तो दहा मिनिटे उन्हात ठेवला की हत्यार नीट चालते. दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे ठेवावा. तेलाच्या शाईने काढलेले छाप दमट हवेत वाळायला आठवडाभरही लागू शकतो. तेव्हा ते एकावर एक न रचता दोरीवर चिमट्यांनी टांगावेत आणि बोट लावून शाई उठत नाही याची खात्री झाल्यावरच पाकिटात घालावेत. छापांची संख्या आधी ठरवून प्रत्येकावर पेन्सिलीने १/५०, २/५० असे क्रमांक टाकावेत, आणि पन्नास म्हटले असेल तर एक्कावन्नावा छाप काढू नये.

### मूळ चित्रे

जलरंगासाठी ३०० जीएसएमचा कागद घ्यावा. २२ × ३० इंची पूर्ण कागदाचे चार भाग केले तर ११ × १५ इंचाचे चार तुकडे मिळतात. हे माप घरात लावायला सोयीचे आणि चौकटीला स्वस्त पडते. सर्व चित्रकारांनी एकच माप वापरले तर चौकटी एकत्र घेता येतात. चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, असलाच पाहिजे. काच कागदाला टेकली की पुढच्या पावसाळ्यात कागद चिकटतो आणि बुरशी धरतो. एसटीने चित्रे न्यायची असतील तर काचेऐवजी ॲक्रिलिक शीट बसवावे.

प्रत्येक चित्रकाराशी अर्ध्या पानाचा लेखी करार करावा. चित्राची पूर्ण रक्कम निधीला की काही भाग, न विकलेले चित्र कोणी परत न्यायचे, आणि त्याच्या छापील प्रती काढायला परवानगी आहे की नाही, एवढे तीनच मुद्दे त्यात पुरेसे आहेत. आपल्या माणसांकडून लिहून काय घ्यायचे, असा संकोच वाटतो. पण लेखी ठरलेले असले की ती माणसे आपलीच राहतात.

### गोधड्या

१. सर्व कापड आधी धुऊन उन्हात कडकडीत वाळवावे. फक्त सुती लुगडी, धोतरे आणि चादरी घ्याव्यात. सुती आणि सिंथेटिक साडी एकत्र शिवली तर पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही आणि गोधडीला फुगे येतात.

२. क्रूस, मासा, गव्हाची ओंबी किंवा ज्वारीचे कणीस अशी ठिगळाची नक्षी करायची असेल तर ती वरच्या एकट्या थरावर आधी शिवून घ्यावी. सगळे थर जोडल्यावर ठिगळ लावले तर सुई चार थरांतून जाते, हात दुखतात आणि उलट्या बाजूला विचित्र टाके दिसतात.

३. थर सारवलेल्या किंवा फरशीच्या सपाट जमिनीवर अंथरून चौघींनी चार कोपरे ताणावेत आणि कच्चा टाका घालावा. हा कच्चा टाका टाळला की कापड सरकून कोपरे तिरके होतात.

४. मग धावदोऱ्याने कडेपासून मध्याकडे, दोन बोटांच्या अंतराने ओळी घालत यावे. कच्चा टाका शेवटी उसवावा.

पूरग्रस्त गावातल्याच बायका शिवणार असतील तर त्यांना रोख मजुरी द्यावी आणि ती खर्चात लिहावी. ज्यांचे शेतातले काम बुडाले आहे त्यांच्याकडून सेवा म्हणून फुकट शिवून घेणे योग्य नाही. उलट, ती मजुरी हीच पहिली मदत असते.

तपासणी : ठरवलेल्या विक्रीच्या दोन आठवडे आधी सर्व वस्तू एका खोलीत मांडाव्यात आणि यादीत क्रमांक द्यावेत. त्या दिवशी जे अपूर्ण असेल ते या विक्रीतून वगळावे.

## टप्पा ६ : किंमत

समजा, एका कार्डाला छपाई, पाकीट आणि वेष्टन मिळून १८ रुपये खर्च आला आणि विक्रीची किंमत ४० रुपये ठेवली. कागदावर प्रत्येक कार्डामागे २२ रुपये उरतात, म्हणून ५०० कार्डांत ११,००० रुपये मिळतील असे वाटते. परंतु १०० कार्डे उरली तर विक्री १६,००० रुपयांची, खर्च मात्र सगळ्या ५०० कार्डांचा म्हणजे ९,००० रुपये, आणि निधीला ७,००० रुपये. पहिली २२५ कार्डे तर केवळ खर्च भरून काढतात. हा हिशोब कमिटीपुढे छपाईआधी मांडावा. मंडळीतील एखाद्या कुटुंबाने छपाईचा खर्च उचलला तर प्रत्येक विकलेल्या कार्डाचे पूर्ण ४० रुपये गावाला जातात. असा दाता शोधण्यात घालवलेला एक आठवडा वाया जात नाही.

मूळ चित्रे आणि गोधड्या यांची किंमत दयेच्या भावनेवर ठरवू नये. “चांगल्या कामासाठी आहे” म्हणून वेडेवाकडे चित्र पाच हजारांना ठेवले तर पहिल्या वर्षी भिडेखातर कोणी घेईल, दुसऱ्या वर्षी टेबलाजवळ फिरकणार नाही.

## टप्पा ७ : विक्रीचा दिवस

कापणीच्या सणाला अर्पण म्हणून आलेल्या धान्य-भाजीपाल्याचा लिलाव करण्याची रीत अनेक मंडळ्यांत आहे, आणि गोधड्या व मोठी चित्रे त्याच लिलावात ठेवता येतात. मात्र प्रत्येक वस्तूची किमान किंमत आधी लिहिलेली असावी. मोठ्याने बोली लावण्याचा ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी बंद पाकिटातील बोलीची सोय ठेवावी. आर्थिक ऐपतीचे प्रदर्शन टळते आणि, मला वाटते, उजव्या हाताचे डाव्याला कळू नये या मत्तयाच्या शुभवर्तमानातील शिकवणीशीही ते सुसंगत आहे. कार्डांची विक्री नाताळासाठी करायची असेल तर आगमनकाळाच्या (नाताळापूर्वीच्या सुमारे चार आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी सुरू करावी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू केल्यास टपालाने कार्डे पाठवणारे ग्राहक हातचे जातात.

टेबलावर एक फलक असावा : गाव, काम, रक्कम, तारीख. टप्पा १ मधले वाक्यच तेथे लिहायचे आहे. पैसे घेणारा आणि पावती लिहिणारा वेगळे असावेत. संध्याकाळी रोकड, यूपीआयची यादी आणि पावत्यांची बेरीज जुळवूनच घरी जावे. दुसऱ्या दिवशी जुळवू म्हटलेला हिशोब क्वचितच जुळतो.

## टप्पा ८ : मदत पोहोचवा आणि निधी बंद करा

बियाणे द्यायचे असेल तर कृषी सेवा केंद्राला धनादेशाने पैसे देऊन पक्के बिल घ्यावे आणि बियाण्याच्या पिशवीवरील लेबल तपासावे. विहिरीच्या गाळासाठी यंत्राच्या तासांची नोंद शेतकऱ्याच्या सहीने ठेवावी. प्रत्येक घराची सही किंवा अंगठा घ्यावा.

मदतीच्या पिशवीत पत्रिका, वचनाचे कार्ड किंवा सभेचे निमंत्रण घालू नये, आणि मदत देताना प्रार्थनेला बसण्याची अट तर मुळीच असू नये. आपण विश्वासामुळे देतो. घेणाऱ्याच्या विश्वासाशी त्याचा संबंध नाही. रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांसाठी १९९४ मध्ये केलेल्या आचारसंहितेतही मदतीचा उपयोग एखाद्या राजकीय किंवा धार्मिक मताच्या प्रसारासाठी करू नये, असा नियम आहे. शोमरोन्याने जखमी माणसाला काही विचारले नव्हते. गावात सर्व जातिधर्मांची घरे असतात; यादी गरजेनुसार झालेली असेल तर मंडळीतील घराला काही मिळाले नाही तरी ती बदलू नये. फलक धरून, पिशवी हातात देतानाचे छायाचित्र काढू नये. दात्यांना दाखवायचे असेल तर उपसलेल्या विहिरीचे किंवा उगवलेल्या शेताचे छायाचित्र, मालकाला विचारून, काढावे.

ठरलेली रक्कम जमली की विक्री थांबवावी. इस्राएल लोकांच्या उपासनेचा तंबू, म्हणजे निवासमंडप, उभारण्याच्या कामी बसालेल, अहलियाब आणि इतर कारागीर लोकांची अर्पणे घेत होते. ती गरजेपेक्षा अधिक झाल्याचे त्यांनी सांगताच मोशेने आणखी काही आणू नये अशी दवंडी छावणीत फिरवली, हे निर्गमाच्या छत्तिसाव्या अध्यायात आहे. रक्कम ओलांडून पैसे आलेच तर ते कोठे जातील हे जमाखर्चाच्या कागदावर आधीच लिहिलेले असावे : त्याच गावातील प्रतीक्षायादीवरची घरे, किंवा मुख्यमंत्री सहायता निधी.

काम झाल्यापासून तीस दिवसांच्या आत एका पानाचा जमाखर्च मंडळीच्या फलकावर आणि गावाच्या ग्रामपंचायतीतही लावावा. विक्री, देणग्या, खर्च, दिलेली मदत आणि शिल्लक असे पाच आकडे, त्याखाली खजिनदार, पाळक आणि गावातील एक व्यक्ती अशा तिघांच्या सह्या. मदत घेणाऱ्यांची नावे त्यावर लिहू नयेत. फक्त घरांची संख्या लिहावी. नावांची यादी आणि सह्यांचे कागद खजिनदारांच्या कपाटात राहतील.

उरलेली चित्रे करारात ठरल्याप्रमाणे चित्रकारांना पोचपावती घेऊन परत करावीत. उरलेली कार्डे प्लास्टिकच्या डब्यात, कडुलिंबाचा पाला घालून, जमिनीपासून उंच ठेवावीत. लिनोचे ठोकळे पुसून, सपाट, एकमेकांत जुना वर्तमानपत्राचा कागद घालून ठेवावेत. पन्नास छाप झालेल्या ठोकळ्यावर मात्र एक आडवी रेघ कोरून टाकावी.